उलट्या नगरीतली आखाजी

"खबरदार, दुधाले हात लावशील तर!" असं झुंबरबाईनं दटावलं, की वैजू दोन्ही हातांनी पेला धरी, घटाघटा रिकामा करी आणि ओठावरची साय मनगटानं पुसत म्हणे, "लय खराब होतं मोठीमाय. अजून देऊ नको."

मग त्याला अजून द्यायचं. उलट्या नगरीचा तसा कायदाच होता. नको म्हणजे पाहिजे, जा म्हणजे ये, वाईट म्हणजे चांगलं. कायदा सकाळच्या दुधापासून सुरू होई आणि तिन्हीसांजेला दिवे लागेपर्यंत चाले. दिवे लागले की नगरी बुडाली. त्यानंतर जो जे बोलेल ते खरं.

ही नगरी वसवली होती झुंबरबाईनं, तीही दुधाच्या एका पेल्यापायी. वैजू बोलायला लागला तेव्हापासून दुधाच्या नावानं तोंड फिरवी. त्याची आई तानुबाई, झुंबरबाईची धाकटी जाऊ, पेला घेऊन अंगणभर त्याच्यामागे धावे आणि शेवटी रडकुंडीला येऊन ओट्यावर बसे. एके दिवशी झुंबरबाई सहज म्हणाली, "राहू दे तानू, त्याले दूध पिऊच देऊ नको." पोरानं वळून पाहिलं, आला आणि पिऊन टाकलं. तेव्हापासून खेळ जो लागला तो लागलाच. आता वैजू सहा वर्षांचा झाला होता, दूध आपणहून पीत होता, पण नगरी काही उठली नव्हती. तिच्यात वाड्यातली इतर पोरंही राहायला आली होती, आणि थोरल्या किसनरावांची दहा वर्षांची कोकिळा तिथली मामलेदार होती.

झुंबरबाईचं घर या दोन घरांच्या मध्ये. भाऊ तिघे. किसनराव थोरले, झुंबरबाईचा नवरा शेषराव मधला, वैजूचा बाप निवृत्ती धाकटा. शेषराव जाऊन चार आखाज्या झाल्या. तो गेल्यावर चुली तीन झाल्या, शेती मात्र एकातच राहिली. झुंबरबाईला मूलबाळ नव्हतं. तिच्या चुलीवरची भाकर बहुतेक दिवशी वैजूच अर्धी संपवी, आणि रात्री झोपायला मात्र न चुकता पलीकडे आईच्या कुशीत जाई.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरायची, तिच्या तोंडावर खरबूज ठेवायचं, मगच पुरण आणि आमरस. घागर मुलानं भरायची. शेषरावाला मूल नाही म्हणून त्याची घागर किसनराव भरत, आणि दरवर्षी भरताना त्यांचे डोळे भरून येत. यंदा त्यांनी ठरवलं होतं की आता पुरे. वैजनाथला शेषाच्या नावानं दत्तक द्यायचा आणि शेषाची घागर त्याच्या लेकानं भरायची. निवृत्तीनं थोरल्या भावाचा शब्द आजवर मोडला नव्हता. तानुबाईला कोणी विचारलं नव्हतं. झुंबरबाईला विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. सगळ्या जन्मात तिनं इतकं लवकर हो कशालाच म्हटलं नसेल.

पहाटेच उठून तिनं दार सारवलं, उंबऱ्याशी नवी घागर मांडली, शेजारी खरबूज ठेवलं. मग ती दारात उभी राहून समोरच्या कडुलिंबाखाली चाललेली गडबड बघत राहिली. वऱ्हाड नागपूरच्या सरकारकडे गेलं त्या साली सासऱ्यांनी तो लिंब लावलेला. आता त्याच्या फांदीला आखाजीचा झोका बांधला होता आणि झोक्याशी कोकिळा नव्या कुडत्यातल्या वैजूला कायदा समजावून सांगत होती.

"हे पाय, आजपासून मोठीमायले मोठीमाय नाही म्हनायचं. नुसती माय म्हनायचं."

"अन् मायले?"

"तुह्या मायले काकी म्हनायचं. मी म्हनते तसं."

"अन् बाप्पूले?"

"काका."

वैजूनं क्षणभर विचार केला. "म्हंजे सारंच उलटं?"

"सारंच."

वैजू जो हसला! झोका सोडून त्यानं मातीत कोलांटी मारली, नव्या कुडत्याची पर्वा न करता. "सारंच उलटं! सारंच उलटं!" करत तो आईला सांगायला घरात पळाला.

झुंबरबाईनं ते हसू पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. रात्रभर तिला एकच घोर होता, पोर रडलं तर? आणि पोर तर आनंदानं नाचत होतं. तिला वाटलं, आपण जेवढी याच्यावर माया केली, तेवढी त्यानं मनात जपून ठेवली. ती आत गेली, देवापुढे बसली आणि मोकळेपणानं रडली. गेलेल्या शेषरावाला मनातच म्हणाली, आपल्याले झालं हो पोरगं.

किसनरावांच्या ओट्यावर बैठक भरली होती. रंगराव पाटील आले होते, मोताळ्याचे भटजी आले होते, आणि धाडहून झुंबरबाईचा भाऊ उकंडराव डोक्याला जरीचा फेटा बांधून आला होता. शेषराव गेल्यापासून उकंडराव आणि किसनराव एका घोंगडीवर बसले नव्हते. बहिणीला पोटगीवर ठेवतील आणि हिस्सा गिळतील असा उकंडरावाला संशय, आणि हा बाहेरचा पोरगा आणून बसवील असा किसनरावांना. आज मात्र दोघं मांडीला मांडी लावून पान खात होते. वैजूनं दोघांचाही प्रश्न सोडवला होता. हिस्सा घरातच राहणार होता आणि बहिणीचाही होणार होता.

झुंबरबाई पदर नाकापर्यंत ओढून पाटावर बसली. किसनराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्यांच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. रीतच तशी. काही सांगायचं झालं तर मधे पोर लागे. कोकिळेचा निम्मा जन्म यात गेला होता. एका ओट्यावर, हाताच्या अंतरावर बसून किसनराव विचारत, "कोकिळे, मधल्या काकीले विचार, बैल पाठवू का?" आणि झुंबरबाई पदराआडून म्हणे, "कोकिळे, बाबाले सांग, उद्या पाठवा म्हना." कोकिळा बिचारी दोन्हीकडचं तंतोतंत पुन्हा म्हणून दाखवी, जसं काही मधे डोंगर आहे.

"कोकिळे," किसनराव म्हणाले, "काकीले विचार, सगळं मनासारखं हाय ना?"

"हाव म्हना," झुंबरबाई म्हणाली.

"हाव म्हनते," कोकिळा म्हणाली.

तानुबाई चौकटीशी उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती रडत नव्हती. झुंबरबाईनं तिच्याकडे बघायचं टाळलं. आज बघायची तिची हिंमत नव्हती.

रंगराव पाटलांनी वैजूला पुढे घेतलं. "काय वैजनाथराव, राजी हा ना मधल्या घरी जायाले?"

"हाव!" वैजू असा ओरडला की लिंबावरचे कावळे उडाले. सगळा ओटा हसला. उकंडरावानं मांडीवर थाप मारली. "पाहा! पोरगं तयारच हाय."

भटजी दर्भाची जुडी सोडू लागले. निवृत्ती तांब्या घेऊन उभा राहिला. आता दोन मंत्र म्हणायचे, बापानं हातावर पाणी सोडायचं आणि पोराला उचलून झुंबरबाईच्या मांडीवर ठेवायचं, एवढंच उरलं होतं. वैजू झुंबरबाईच्या शेजारी येऊन उभा राहिला. वाट पाहण्याचा त्याला कंटाळा. तो वाकला आणि तिच्या पदरात तोंड खुपसून कुजबुजला,

"मोठीमाय, आज लय मोठी नगरी हाय ना? बाप्पू, पाटील, सारेच खेळून राह्यले."

झुंबरबाईला काही कळेना. "काय म्हनतं रे?"

"मायले सांगतलं मी. ती रडून राह्यली होती. म्हनलं, रडू नको, दिवे लागले की संपते. मंग तू पुन्हा माय." मग थोडं थांबून, खात्री करून घ्यायची म्हणून त्यानं विचारलं, "दिवे लागेपर्यंतच ना व?"

पदराच्या आत झुंबरबाईला एकदम गरम झालं. भटजींचे मंत्र सुरू झाले होते. तिनं पदराच्या फटीतून चौकटीकडे पाहिलं. तानुबाई तिच्याकडेच बघत होती. नजर मिळाली आणि तानुबाईनं मान खाली घातली. म्हणजे तिला ठाऊक होतं. सकाळपासून ठाऊक होतं, आणि दिराभावांच्या या मेळाव्यात ती एका शब्दानं बोलली नव्हती. बोलून ऐकलं कोणी असतं?

कोणाला काही कळलं नसतं. झुंबरबाईनं फक्त गप्प बसायचं होतं. पोरं चार दिवस रडतात, मग सवय होते, असं सगळा गाव म्हणतो आणि ते काही खोटंही नाही. पण तिच्या डोळ्यांपुढे आजचीच संध्याकाळ उभी राहिली. आपण दिवा लावलाय, वैजू उठलाय, टोपी डोक्यावर घालतोय आणि म्हणतोय, "संपलं. आता मी मायकडं जातो." आणि त्याला सांगायचं कोणी? सांगावं लागणार होतं तिलाच. ही नगरी बुडत नाही बाबा, मोठ्यांच्या खेळात दिवे लागत नाहीत. आणि ज्या माणसानं हा खेळ शिकवला त्यानंच फसवलं, हे त्या पोराला त्या घटकेला कळणार होतं.

समजावून सांगावं, तर ओट्यावरचे सगळे म्हणाले असते, पोरच आहे, समजेल हळूहळू. आणि पोर इथंच उभं होतं, ऐकत होतं. कारण दिलं की कारणाला उत्तर मिळतं, हे झुंबरबाई या घरात शिकली होती.

निवृत्तीनं ओंजळीत पाणी घेतलं.

"नको," झुंबरबाई म्हणाली.

मंत्र थांबले. कोकिळा गोंधळून पुढे आली, कोणाला काय सांगायचं ते विचारायला. झुंबरबाईनं तिला हातानं बाजूला केलं, पदर कपाळापर्यंत वर घेतला आणि सरळ किसनरावांकडे बघून म्हणाली, "भाऊजी, मले हा पोरगा नको."

भावजयीचा आवाज किसनरावांनी आपल्याला उद्देशून पहिल्यांदा ऐकला होता. तो ऐकूनच ते इतके दचकले की शब्द समजायला त्यांना वेळ लागला. समजले तेव्हा त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "काय म्हनली?"

"नको मले हा."

वैजूचा चेहरा मात्र उजळला. इतक्या लोकांत, एवढ्या मोठ्या आवाजात मोठीमाय त्याला असं कधी म्हणाली नव्हती. त्यालाही राहवेना. छाती पुढे काढून तो ओरडला, "मलेबी मोठीमाय नको! बिलकुल नको!"

"घ्या," किसनराव उठत म्हणाले. "दोघायचंबी एकच मत हाय. उठा पाटील, मान्सायनं इथं थांबून काय फायदा?"

त्या ओट्यावर एवढी माणसं होती, आणि पोरानं आत्ता काय म्हटलं ते फक्त झुंबरबाईला कळलं. तिनं पदर पुन्हा खाली ओढला. तो रीतीसाठी ओढला असं सगळ्यांना वाटलं.

उकंडराव तिच्यामागोमाग घरात आला आणि दार लावण्याचंही भान त्याला राहिलं नाही. "झुंबर, तुहं डोकं ठिकानावर हाय काय व? शेषरावचा हिस्सा पोराच्या नावानं लागत होता! उद्या हातपाय थकल्यावर कोन पाहीन तुले?"

"पाहतीन कोनीबी."

"कोनी नाही पाहत. भाकरीसाठी जावांच्या तोंडाकडं पाहत बसशील."

"बसीन."

"अन् कारन तरी काय? पोरगं लुळं हाय, पांगळं हाय?"

उकंडरावानं फेटा सोडला, पुन्हा बांधला, रसाला बोटही न लावता बैल जुंपले आणि तो निघून गेला. धाडच्या वाटेवर त्याच्या छकड्याची धूळ बराच वेळ दिसत होती. ती विरते न विरते तोच कोकिळा दारात आली, आज पहिल्यांदाच खालमानेनं.

"काकी, बाबा म्हनते, शेषाकाकाची घागर आता ज्याची त्यानं पाहावी. मी भरनार नाही."

"बरं म्हना," झुंबरबाई म्हणाली. कोकिळा गेली. रिकामी घागर उंबऱ्याशी तशीच बसून होती आणि शेजारचं खरबूज उन्हानं तापलं होतं. तेव्हा मात्र झुंबरबाईला स्वतःचा राग आला. पोर तर गेलंच होतं, पण नवऱ्याचं वर्षाचं पाणीही आपल्या जिभेनं घालवलं, असं वाटून तिला घास गिळवेना.

तानुबाई आली ती दुपार कलल्यावर, आणि आली ती भांडायलाच.

"बाई, माह्या लेकरात काय खोट हाय ते सांगा मले!"

झुंबरबाई बघतच राहिली. जिचं पोर वाचलं तीच कमरेला पदर खोचून उभी होती.

"चार मान्सायत नको म्हनता? जसं काही बाजारातलं वांगं हाय! त्याले काय म्हनतीन लोकं? शेषरावच्या बायकोनं टाकलेलं पोरगं म्हनतीन!"

"तानू, खाली बस."

"नाही बसत."

"सकाळी झोक्यावरून घरात पळत येऊन त्यानं तुले काय सांगतलं होतं?"

तानुबाईनं चौकट धरली, मग ती खरंच खाली बसली, उंबऱ्यावरच, घागरीच्या बाजूला. "म्हंजे तुमालेबी म्हनला?"

"कानात म्हनला. दिवे लागेपर्यंतच ना, म्हने."

"मले वाटलं, तुमाले सांगावं. मंग वाटलं, मी सांगतलं तर तुमी म्हनसान, तानूच पोराले शिकवून पाठवते." तिनं पदरानं डोळे पुसले. "बाई, द्याचं नव्हतंच मले. पन तुमी नको म्हनलं त लय झोंबलं. असं कसं हो?"

"झोंबनारच. गुनी हाय ना पोरगं."

यावर तानुबाई रडता रडता हसली. तानुबाईनं घरून झाकून आणलेली रसाची वाटी, जी भांडणाच्या भरात ती मागे ओट्यावरच विसरली होती, ती आणून झुंबरबाईपुढे ठेवली आणि ती संपेपर्यंत हलली नाही.

ऊन उतरलं. लिंबाखालचा झोका थांबला, गुरं आली. समोर किसनरावांच्या घरात पहिला दिवा लागला, मग निवृत्तीच्या. झुंबरबाईनंही चिमणी पेटवून कोनाड्यात ठेवली. काच नीट बसवून ती वळली तर दारात वैजू. नवं कुडतं आता मातीचं झालं होतं. एरवी दिवे लागले की तो आईकडे धूम ठोके. आज तो कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मोठीमाय, दिवे लागले."

"लागले रे."

"आता खरं सांग. मी तुले पायजे का नको?"

म्हणजे दिवसभर त्याच्या मनात कुठंतरी पाल चुकचुकली होती तर. लोकांचे चेहरे त्यानंही पाहिले होते. झुंबरबाई त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"पायजे," ती म्हणाली. "लय पायजे रे राजा. या साऱ्या दुनियेत तूच पायजे."

"मंग झालं," वैजू म्हणाला. "मलेबी पायजे. पन झोपाले मी मायपाशीच जातो, हां."

"जाय ना."

तो वळला आणि त्याचा पाय घागरीला लागला. "हे काय? रिकामीच?"

"राह्यली भरायची."

"कोनाची हाय?"

"तुह्या मोठ्या बाबाची. शेषरावची."

"त्याले तान लागली असन ना व दिवसभर?" वैजूनं जरा रागानंच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो रांजणाकडे गेला. गडवा त्याला दोन्ही हातांनी धरावा लागे. रांजणापासून उंबऱ्यापर्यंत त्याच्या खेपा सुरू झाल्या. निम्मं पाणी घागरीत, निम्मं पायांवर. त्याला न्यायला आलेली तानुबाई ओट्याच्या पायरीवरच थबकली. समोरच्या अंधारात किसनरावांच्या विडीचं लाल टोक दिसत होतं. ते आधी हलत होतं, मग एका जागी स्थिर झालं. घागरीला पाणी लागत गेलं तसा तिचा आवाज बदलत गेला, आणि शेवटी ती काठोकाठ भरली. वैजूनं खरबूज छातीशी धरून उचललं आणि तिच्या तोंडावर ठेवलं.

"पुढच्या आखाजीलेबी मीच भरीन," तो म्हणाला.

"भरजो," झुंबरबाई म्हणाली. ती खाली वाकून पदरानं त्याचे ओले पाय पुसू लागली.

वैजूनं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग कोनाड्यातल्या चिमणीकडे बोट दाखवून, मोठ्या माणसासारखं बजावलं, "दिवे लागले हायत बरं."

"हाव," ती म्हणाली. "म्हनूनच सांगून राह्यली."